सुरवाडे भाऊंची पुडी

ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडली नाही. आजही पडत नाहीये — हातून पडते आहे, कारण तोंडाचा मला भरवसा नाही. बायकोला माहीत नाही. गावाकडे चंदगडला आई आहे. मी इथं जळगावात नेमकं काय काम करतो हेच तिला धड माहीत नाही, तर हे कुठून माहीत असणार? तेव्हा तुम्ही पहिले. ओळख नाही, पाळख नाही, तरी तुम्हीच — कदाचित म्हणूनच.

सुरुवात दोनदा केली आणि दोन्ही वेळा खोडली. दोन्ही वेळा मी माझ्या गरिबीपासून सुरू केलं होतं. म्हणजे आधी तुम्हाला माझी कीव यावी, आणि मग मी हळूच मुद्द्यावर यावं — असा डाव. तो नको. मी कोण, कुठला, हे सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. पण ते कारण म्हणून धरू नका. मीही धरणार नाही.

नववीत शाळा सुटली. टेलिफोनची केबल पुरणाऱ्या एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर फिरत फिरत जळगावला आलो. औद्योगिक वसाहतीत चर खणता खणता तापानं पडलो. टोळी पुढं अकोल्याकडं निघून गेली आणि मी एका कारखान्याच्या भिंतीला टेकून बसलो. त्या कारखान्यात कापसाची सरकी काढायची यंत्रं बनायची — इकडं त्याला जिन म्हणतात. तिथले स्टोअरकीपर म्हणजे सुरवाडे भाऊ. त्यांनी मला आत नेलं, बारदानावर झोपवलं, आणि दोन दिवसांनी सरळ घरी घेऊन गेले. घरी अक्का होत्या, त्यांची बायको. त्यांनी कळण्याची — ज्वारी-उडदाची — भाकरी आणि ठेचा पुढं ठेवला. माझ्या डोळ्यांतून पाणी. भाऊ म्हणाले, "रडी राहिला की तिखट लागलं? तिखट लागलं असंन तर दही देतो. रडी राहिला असशीन तर दह्याचा उपयोग नाही." मी म्हणालो, तिखट. खोटं बोललो. ते खोटं मात्र माफ असावं.

भाऊ मूळचे मुक्ताईनगरकडचे. तेव्हा सगळे एदलाबादच म्हणायचे. त्यांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलं. क्लास झाल्यावर नानांकडं शब्द टाकला. नाना धुळ्याचे. त्यांचं कॉम्प्युटरचं ऑफिस धुळ्याला, आणि जळगावात एका खोलीची शाखा. जिनच्या कारखान्याचा सगळा हिशेब त्या खोलीतून चालायचा. नानांनी मला आकडे भरायला ठेवलं. कुठवर शिकलास, हे त्यांनी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही.

तुम्हाला कुणी असं उचलून उभं केलंय कधी? केलं असेल तर कळेल. उपकाराबरोबर एक भीती येते. ज्यानं उचललं तो कधीही खाली ठेवील, अशी. मी आजही बस सुटायच्या तासभर आधी स्टँडवर जाऊन बसतो. कुलूप दोनदा ओढून बघतो. तेव्हा तर — नानांनी नुसतं "इकडं ये" म्हटलं तरी मला वाटायचं, आज घरी पाठवणार. आणि घर म्हणजे कुठं? रात्रभराचा प्रवास आणि पलीकडं चंदगड.

बघा, परत तिकडंच चाललो. थांबतो.

कामाबद्दल सांगतो. डेटाबेस म्हणजे माहिती भरलेले तक्ते, आणि क्वेरी म्हणजे त्या तक्त्यांना विचारलेला प्रश्न. तो प्रश्न ज्या भाषेत विचारायचा तिला एसक्यूएल म्हणतात. मी इंग्रजीत नापास झालेला माणूस, पण ही इंग्रजी मला आवडली. थोडेच शब्द, प्रत्येकाचं काम ठरलेलं, आणि चूक झाली तर मशीन लगेच सांगतं — चारचौघांत हसत नाही. काम करता करता बघून बघून मी शिकलो. नाना कौतुकानं लोकांना सांगायला लागले की आमच्या पोराला एसक्यूएल येतं. मी कधी "थोडंफार" असं म्हटलं नाही.

कारखान्याला एक प्रश्न रोज पडायचा: एका जिनमध्ये एकूण काय काय लागतं? सोपं वाटतं, पण नाही. जिनमध्ये गिअरबॉक्स. गिअरबॉक्समध्ये शाफ्ट. शाफ्टवर हाउसिंग, हाउसिंगमध्ये किट. वस्तूच्या पोटात वस्तू, तिच्या पोटात आणखी. किती खोल जायचं हे आधी ठाऊक नसतं — काहीच उघडायचं उरत नाही तोवर उघडत जायचं. प्रश्नानं स्वतःलाच पुन्हा पुन्हा विचारायचं. सुरुवातीला आमच्याकडं जो महागडा डेटाबेस होता, त्यात याला दोन ओळींची सोय होती. कुठून सुरू करायचं ते सांगा, बाप कोण आणि लेकरू कोण ते सांगा. तो शेवटपर्यंत उतरून येई. ती क्वेरी माझा अभिमान होती. यंत्र गेटबाहेर न्यायचं चलन काढताना ती चालायची, आणि त्यातला एकूण एक भाग साठ्यातून वजा व्हायचा.

आता पुडी.

तेलाचं सील, सर्कलिप, छोटं बेअरिंग, पिन — असल्या बारीक वस्तू फिटरच्या हातून शॉपवर हरवायच्या. भाऊंनी त्यावर आपली एक रीत काढली होती. एका हाउसिंगला जेवढं लागतं तेवढं खाकी कागदात बांधायचं, दोऱ्याची गाठ मारायची, आणि एकेक पुडी किटमध्ये टाकायची. फिटरनं पुडी फोडायची ती थेट यंत्रापाशी. फोरमन त्यांची टिंगल करायचा — "सुरवाडे, एखाद्या पुडीत चिमूटभर तंबाखू पण टाकत जा, पोरांचं काम भरभर होईल." भाऊ म्हणायचे, टाकतो, पण तिलाही नंबर लागंन. कारण पुडीला स्वतःचा नंबर पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. ऑफिसशी भांडून त्यांनी तो मिळवला. म्हणून आमच्या तक्त्यांत किटच्या पोटात पुडी आली, आणि पुडीच्या पोटात सील आणि बेअरिंग.

रविवारी मी भाऊंबरोबर पुड्या बांधायला बसायचो. गाठ कशी मारायची ते त्यांनीच शिकवलं. हे मी मुद्दाम लिहितोय. पुडीत काय असतं हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची वाट मला बंद करायची आहे. मला माहीत होतं. माझ्याच बोटांना तो दोरा काचायचा.

मग एका वर्षाच्या सुरुवातीला डेटाबेस बदलला. जुन्याची वर्षाची फी कारखान्याला झेपेना. नानांनी दुसरा, स्वस्तातला आणला. विकणारा म्हणाला होता, भाषा तीच, सगळं स्टँडर्डप्रमाणे, तुमचं आहे ते उचला आणि इथं ठेवा. मी उचललं, ठेवलं. आणि माझी ती अभिमानाची क्वेरी पहिल्याच ओळीला अडली. ते शब्दच त्याला कळेनात.

मी घाबरलो. खरं कारण मला पुष्कळ पुढं कळलं. स्वतःलाच विचारत जाणाऱ्या प्रश्नाची सोय तेव्हाच्या स्टँडर्डमध्ये नव्हतीच. जुन्या कंपनीनं ती पदरची घातली होती. दुसऱ्या कुणी दुसऱ्या शब्दांत घातली होती, आणि बऱ्याच जणांनी घातलीच नव्हती. म्हणजे विकणाऱ्याचंही खोटं नव्हतं — त्याचा डेटाबेस स्टँडर्डप्रमाणे होता. स्टँडर्डबाहेर आमचीच क्वेरी होती. हे तेव्हा कळलं नाही तरी हरकत नव्हती. "चालत नाहीये", एवढं म्हणणं पुरलं असतं.

त्या आठवड्यात धुळ्याला बैठक होती. नाना होते, आणि देवरे साहेब होते. देवरे पुण्याला शिकून आलेले इंजिनिअर. नानांच्या ऑफिसातली अवघड कामं तेच बघायचे. एरवी धुळ्याच्या पुढं सोनगीरच्या बाजूचं काम निघालं की बसमधून किल्ला दिसायचा म्हणून मी खुशीत असायचो. त्या दिवशी धुळ्याच्या स्टँडवर उतरलो आणि आधी परतीच्या गाड्यांचं वेळापत्रक बघितलं. देवरेंनी सहज विचारलं — संशयानं नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं — की ते खाली खाली उतरत जाणं स्टँडर्डमध्ये आहे का? मला ते माहीत नव्हतं; नव्या डेटाबेसमध्ये अडतंय, एवढंच माहीत होतं.

मी म्हणालो, "आहे ना साहेब. सगळीकडं चालतं."

नानांनी मान डोलावली. त्यांच्या अहिराणीत मला विचारलं, बठ्ठं बराबर शे ना — सगळं बरोबर आहे ना? मी म्हणालो, हो नाना.

आता वाटतं, हे पहिलं पाऊल. पण तेव्हा हे खोटं फक्त माझ्यापुरतं होतं, अब्रूपुरतं. त्या दिवशी जरी बोललो असतो तरी काय झालं असतं? देवरे हसले असते. दहा मिनिटं. मी त्या दहा मिनिटांना भ्यालो.

परत येऊन मी एक जुगाड केलं. तक्ता स्वतःलाच जोडायचा. एकदा जोडला की एक पायरी उतरते, दोनदा जोडला की दोन. जिनपासून मोजलं तर गिअरबॉक्स पहिली, शाफ्ट दुसरी, हाउसिंग तिसरी, किट चौथी, पुडी पाचवी. पुडीच्या आतलं — सहावी. मी सहा ओळी लिहिल्या. आणि सहावी घातली की मशीन अडकून बसायचं. पडद्यावर नुसता चौकोन लुकलुकत राहायचा, कारखान्यातून फोन यायचा की चलन अजून का निघालं नाही, ट्रक उभा आहे. पाच ओळींवर झटक्यात चालायचं.

मी सहावी ओळ काढून टाकली.

विसरलो नाही. चुकून राहिली नाही. काढली. आणि नानांना दाखवायची वेळ आली तेव्हा मुद्दाम जुन्या मॉडेलचं यंत्र निवडलं — ज्यात पुडी नव्हती, सुटे भागच होते. आकडे जुळले. नानांनी चहा सांगितला.

मनाशी म्हणालो, नंतर बघू. पुढच्या महिन्यात बघू. सवड काढून कुणाला तरी विचारू. दर महिन्याला असंच म्हणत गेलो. प्रत्येक यंत्र गेटबाहेर पडलं की त्यातली सील आणि बेअरिंग खरोखर बाहेर जायची, पण कॉम्प्युटरच्या लेखी स्टोअरमध्येच राहायची. पाचव्या पायरीवर पुडी दिसायची, पण पुडी उघडायची नाही.

मग वर्षाअखेरची मोजणी आली.

कॉम्प्युटर म्हणत होता, कपाटं भरलेली आहेत. कपाटं जवळजवळ रिकामी होती. बाकी लोखंड, पट्टे, रोलर — सगळं जुळलं. जुळलं नाही ते एवढंच: खिशात मावतं आणि बाजारात पटकन विकतं, तेवढं. याचा अर्थ लोकांनी काय लावला असेल? सांगायला नको. भाऊंनी त्याच वर्षी घरावर स्लॅब टाकला होता. तेही कुणीतरी बोललं. पाठीमागं आणखी काय काय बोलले — त्यांच्या वस्तीचं नाव घेऊन, त्यांच्या समाजाचं नाव घेऊन — ते मी इथं लिहिणार नाही. मी मात्र ते सगळं ऐकलं, आणि ऐकून तिथंच उभा राहिलो.

सकाळच्या पाळीला, गेटच्या आत सगळे फिटर जमलेले असताना, मालकांनी भाऊंना विचारलं. आरडाओरडा केला नाही. त्यानं जास्त लागतं. भाऊ म्हणाले, माल माझ्या ताब्यात होता, मी शोधतो.

त्यांनी आठवडाभर शोधलं. मोकळी खोकी उलटी केली. जुन्या पुड्या फोडून पुन्हा मोजल्या. एका दुपारी मी कसला तरी कागद द्यायला स्टोअरमध्ये गेलो, तर ते पालथ्या खोक्यावर बसलेले, मांडीवर उघडी पुडी. माझ्याकडं बघितलं. माझ्यावर संशय नव्हता — हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांच्या मनात फक्त एक शक्यता आली होती, आणि ती ज्याला विचारावी असा त्यांच्या घरचाच माणूस समोर उभा होता.

"तुह्या कॉम्प्युटरमधी पुडी उघडते ना रे भो?"

तुम्ही सांगा — याहून सोपा प्रश्न असतो का? हो किंवा नाही. मशीनला विचारतात तसा. मी आयुष्यात इतकी लांबलचक उत्तरं दिली आहेत, आणि त्या दिवशी एका शब्दाचं काम होतं.

मी म्हणालो, "उघडते, भाऊ."

त्यांनी मान हलवली. लगेच. थोडाही वेळ घेतला नाही. घेतला असता तर मी कदाचित — नाही, हेही खोडायला हवं. मी काही केलं नसतं. ते म्हणाले, "मंग मह्याच हातून झालं काही तरी." आणि पुडीतलं बेअरिंग परत आत ठेवून त्यांनी गाठ मारली.

हे आहे ते. इथवर यायला मला एवढे परिच्छेद लागले. सहावी ओळ काढली, ती भीती म्हणता येईल. धुळ्याला खोटं बोललो, त्याला पोरकटपणा म्हणता येईल. पण त्या दुपारी मला सगळं माहीत होतं. सील कुठं गेली, बेअरिंग कुठं गेली, भाऊ निर्दोष आहेत, हे त्या कारखान्यात एकट्या मलाच माहीत होतं — खुद्द भाऊंनाही नव्हतं. आणि मी त्यांच्याकडून त्यांचा स्वतःवरचा भरवसासुद्धा काढून घेतला.

पोलिसात तक्रार झाली नाही. मालकांनी सांभाळून घेतलं, असं सगळे म्हणाले. भाऊंनी आपणहून नोकरी सोडली. शेजाऱ्यांनी अक्कांना काही विचारू नये म्हणून काही महिन्यांत घर बंद करून ते दीपनगरला गेले. तिथं वीजकेंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली राखेच्या कामाला लागले. वजनाचं, धुळीचं काम. ज्यांनी आयुष्यभर बारीक वस्तू बोटांच्या चिमटीत धरल्या, त्यांच्या हातात फावडं.

नोकरी सुटली त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडं जेवलो. अक्कांनी बोलावणं धाडलं होतं. गेलो, आणि पोटभर जेवलो. हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, निदान क्वेरी तरी दुरुस्त केलीस का? केली. तेच तर सांगायचं आहे. ते गेल्यावर मी धुळ्याला देवरेंकडं गेलो आणि नुसतं कुतूहल असल्यासारखं विचारलं, की समजा डेटाबेसमध्ये सोय नसेल तर शेवटपर्यंत कसं उतरायचं? देवरेंनी तिथल्या तिथं कागदावर दाखवलं. एक तात्पुरता तक्ता घे. त्यात पहिली पायरी टाक. मग तिच्या खालची टाक, मग तिच्या खालची. एखाद्या फेरीत नवी ओळ आली नाही की थांब. एवढंच. किती पायऱ्या आहेत हे आधी माहीत असायची गरजच नाही. आणि मशीन अडकत नव्हतं. एका दुपारचं काम! त्यांनी शिकवताना एकदाही विचारलं नाही की तुला हे आत्ता कशाला पाहिजे.

मी ते गुपचूप बसवलं, आणि मोजणीनंतर बाहेर गेलेल्या यंत्रांवरही चालवलं. मोजणीत जेवढं सापडलं होतं तोच नव्या वर्षाचा आरंभीचा साठा धरला होता, त्यामुळं कुणाला काही दिसलं नाही. पुढच्या वर्षाअखेरीला मोजणी झाली. सील जुळली. बेअरिंग जुळली. पिनांपर्यंत सगळं जुळलं.

आणि फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला, "सुरवाडे गेला आन् स्टोअर सुधरलं."

लोक हसले. तोवर ज्यांच्या मनात थोडी शंका होती — भाऊ असं करणार नाहीत म्हणणारे दोघे-तिघे होते — तेही गप्प झाले. माझी दुरुस्ती हाच भाऊंविरुद्धचा पुरावा झाला. समजतंय ना तुम्हाला? मी चूक केली तेव्हा त्यांच्यावर आळ आला. ती चूक सुधारली, तेव्हा तो आळ पक्का झाला. नाना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, आता बठ्ठं बराबर शे.

मी चहा प्यालो. अर्धा टाकलासुद्धा नाही.

वर्षं गेली. मला पगारवाढ मिळाली, लग्न झालं. इकडची भाषा जिभेवर बसली. माझं नाव झालं ते नेमकं याच कामात: एका डेटाबेसमधून दुसऱ्यात जाताना काय चालतं, काय अडतं, कुणाचं पदरचं आणि कुणाचं स्टँडर्डचं. भुसावळपासून धुळ्यापर्यंत मला बोलावतात. मी पहिलं काम हेच करतो — सगळ्यांत खोल पायरीची वस्तू घेऊन तपासतो. लोक म्हणतात, काय बारकाईनं बघता! मी पुढची वस्तू तपासायला घेतो.

मध्यंतरी स्टँडर्डची नवी आवृत्ती निघाली, आणि तिच्यात एकदाची ती सोय आली. स्वतःलाच विचारत जाणाऱ्या प्रश्नाचे शब्द आता ठरलेले आहेत. ज्यांना जमेल ते ते आणताहेत. देवरेंनी त्या पानांची झेरॉक्स धुळ्याहून आणली आणि सगळ्या ऑफिससमोर मला म्हणाले, "तू तर हे कधीचंच सांगितलं होतंस. पुढचं दिसतं की काय तुला?" हशा झाला. मीही हसलो. त्यांना त्या बैठकीतलं माझं उत्तर अजून आठवत होतं. चुकीचं होतं हेही त्यांना तेव्हाच कळलं असेल का? मी कधी विचारलं नाही.

आता कारखाना पुन्हा नवीन डेटाबेस घेतोय. त्यात ती सोय आहे. काम माझ्याकडं आलं. नवं काही बसवलं की जुनी वर्षं त्यातून चालवून बघायची, ही माझीच शिस्त. म्हणून ते वर्षही चालवलं. भाऊंचं वर्ष. पडदा भरला. सहाव्या पायरीच्या ओळी एकेक करून खाली आल्या — सील, सर्कलिप, बेअरिंग, पिन — आणि बेरीज त्या मोजणीतल्या तुटीला येऊन टेकली. काही कमी नाही, काही जास्त नाही. कुणी काही नेलं नव्हतं. सगळं यंत्रांच्या पोटातच गेलं होतं, जिथं जायला पाहिजे होतं तिथंच.

खोलीत मी एकटाच होतो. एक कळ दाबली असती तर पडदा कोरा झाला असता, आणि ही तपासणी परत कुणी करणार नव्हतं. मी ती दाबली नाही. भ्यालो का? भ्यालो. अजूनही भ्यालेलोच आहे. हे लिहिताना दोनदा उठून दाराची कडी बघितली. पण भीती असताना काम करता येतं, हे मला एवढ्या वर्षांत कळायला हरकत नव्हती. आता कळलंय.

काय करायचं ते ठरलं आहे. हे तुमच्या हातात पडेल तोवर झालेलंही असेल. सकाळच्या पाळीला कारखान्यात जाणार, गेटच्या आत, जिथं भाऊंना विचारलं होतं तिथं उभा राहणार, आणि फिटर, फोरमन, मालक सगळे असताना सांगणार. एकट्या मालकांच्या केबिनमध्ये नाही. आळ चारचौघांत आला होता. नानांना आणि देवरेंना आदल्या दिवशीच फोन केलेला असेल. नानांनी मला घरी पाठवलं तर जाईन. कागद मात्र नेणार नाही. कागद दाखवला की लोक कागद वाचत बसतात आणि माणूस निसटतो. मी तोंडानं सांगणार. ज्या तोंडाचा भरवसा नाही म्हणालो, त्याच.

आणि मग दीपनगरची बस. भाऊ घरी असतील तर घरी, कामावर असतील तर कामावर. अक्का जेवायला बस म्हणतील, बसणार नाही. मला माफ करा असंही म्हणणार नाही — ते म्हटलं की त्यांना काहीतरी द्यावं लागतं, आणि त्यांनी मला पुष्कळ दिलं आहे. ते काय बोलतील, बोलतील की नाही, ते त्यांचं. मला फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. त्यांनी तो एकदाच विचारला होता, मांडीवर पुडी घेऊन.

नाही, भाऊ. उघडत नव्हती. आणि मला माहीत होतं.